जुन्या गोव्याची वाट आणि मराठी ओवी

तीर्थमार्ग आधी पायांनी पडतो आणि मग ग्रंथात येतो, असा सर्वसाधारण समज आहे. ख्रिस्ती जगातील सर्वांत प्रसिद्ध तीर्थमार्गाचा इतिहास पाहिला म्हणजे या समजाला बाध येतो. यरुशलेमच्या जुन्या शहरातून जाणारा 'व्हिया दोलोरोझा' म्हणजे दुःखमार्ग. पिलाताच्या न्यायासनापासून ख्रिस्ताने क्रूस वाहून नेला तो हाच मार्ग, अशा श्रद्धेने शतकानुशतके यात्रेकरू त्यावरून चालत आले आहेत. दर शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन साधू या वाटेने मिरवणुकीने जातात. वाटेवर चौदा स्थाने आहेत. पहिली नऊ शहराच्या अरुंद गल्ल्यांच्या आश्रयाने आहेत आणि शेवटची पाच पवित्र कबरीच्या मंदिरात. परंतु ही चौदा संख्या यरुशलेमात ठरलेली नाही. ज्यांना त्या नगरीस जाणे शक्य नव्हते अशा युरोपीय भाविकांसाठी मध्ययुगाच्या अखेरीपासून भक्तिपुस्तके लिहिली गेली, मठांच्या आवारांत आणि चर्चच्या भिंतींवर त्या वाटेच्या प्रतिकृती उभारल्या गेल्या, आणि स्थानांची संख्या पुस्तकागणिक कमीअधिक होत राहिली. १७३१ साली पोप बारावे क्लेमेंट यांनी ती चौदा अशी कायम केली. यरुशलेममधील प्रत्यक्ष वाटेने पुढे या युरोपीय पाठाशी स्वतःला जुळवून घेतले. पिलाताचे न्यायासन शहराच्या पूर्वभागी नसून पश्चिमेस, हेरोदाच्या राजवाड्यात असावे, असे आज अनेक संशोधक मानतात. तसे असल्यास मूळ वाट आजच्या वाटेच्या उलट दिशेने गेली असली पाहिजे. यात्रेकरूंचे त्यावाचून अडत नाही. त्यांची पावले रस्त्यावर पडतात तितकीच ती संहितेवरही पडतात.

हा मुद्दा मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने विचारात घेण्याजोगा आहे. कारण गोमंतकातील ख्रिस्ती यात्रेविषयी मराठीत जे थोडेबहुत लिहिले जाते, त्यात एक तुलना ठरून गेलेली आहे. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला पायी येणारे भाविक पाहिले की लेखकाला पंढरीची वारी आठवते. तुलना आकर्षक आहे, आणि तिला आधारही आहे: पायी चालणे, समूहाने चालणे, मुखी नाम किंवा प्रार्थना, शेवटी एका ठिकाणी दर्शन. परंतु वारीत वाट ही स्वतः विठ्ठलाच्या चरित्राचा भाग नसते. आळंदीहून पंढरपूरला जाणारा वारकरी देवाने पूर्वी केलेला प्रवास पुन्हा करीत नाही. तो देवाकडे जातो. यरुशलेमचा यात्रेकरू देवाच्या मागून जातो. हे दोन भिन्न व्यवहार आहेत, आणि त्यांतून निर्माण होणारे वाङ्मयही भिन्न आहे.

दुसऱ्या प्रकारच्या यात्रेला मराठीत प्रतिरूप नाही असे मात्र नाही. ते वारकरी परंपरेत शोधल्यामुळे सापडत नाही, इतकेच. महानुभाव पंथात श्रीचक्रधरांच्या वास्तव्याने पावन झालेल्या ठिकाणांना 'चरणांकित स्थाने' म्हणतात, आणि या स्थानांची नोंद करणारा 'स्थानपोथी' हा ग्रंथ त्या पंथाच्या वाङ्मयात प्राचीन काळापासून आहे. त्यात अलंकार नाही, भक्तीचा उमाळा नाही. गाव कोणते, मठ कोठे, दार कोणत्या दिशेस, स्वामी बसले कोठे, निजले कोठे, आरोगण कोठे झाली, एवढेच तो सांगतो; पण ते अशा काटेकोरपणे सांगतो की शतकांनंतर येणाऱ्याने त्या जागी नेमका माथा टेकावा. बहुतेक ठिकाणी ओटे बांधले गेले. पैठणसारख्या प्राचीन नगरीत महानुभाव यात्रेकरू एका ओट्याकडून दुसऱ्या ओट्याकडे जातो तेव्हा तो लीळाचरित्र पायांनी वाचीत असतो. म्हाइंभटाने गोळा केलेल्या लीळा आणि स्थानपोथीतील नोंदी या एकाच स्मृतीच्या दोन बाजू आहेत: एकीत काय घडले ते, दुसरीत कोठे घडले ते. क्रुसाच्या वाटेचा वाङ्मयप्रकार मराठीत समजून घ्यायचा असेल तर अभंगापेक्षा या रूक्ष वाटणाऱ्या गद्याकडे आधी वळले पाहिजे. (महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांमुळे हे वाङ्मय विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पंथाबाहेर जवळजवळ अज्ञात होते. सतराव्या शतकातील एखाद्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने ते पाहिले असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. येथे साम्य आहे ते प्रकाराचे. प्रभावाचा दावा नाही.)

आता गोव्याकडे. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात जन्मलेला जेझुइट २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात पोहोचला आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, तेथेच राहिला. त्यातील बराचसा काळ साष्टी प्रांतात गेला. तेथील जुनी देवळे पाडली गेली होती, जुन्या पोथ्या बाळगण्यास बंदी होती, आणि नवख्रिस्ती समाज ज्या श्रवणावर वाढला होता ते श्रवण एकाएकी थांबले होते. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच एक श्रोता हीच अडचण मांडतो: आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही? ग्रंथाची प्रेरणा म्हणून हा प्रसंग पुष्कळदा सांगितला जातो. त्यातील तक्रारीचा सूर मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. हा प्रश्न पोकळी निर्माण करणाऱ्यालाच विचारलेला आहे, आणि स्टीफन्सने तो लपविलेला नाही.

१६१६ साली रायतूर येथे हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वरू. ओव्यांची एकूण संख्या १०,९६२. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या, आणि रविवारी व सणावारी चर्चमधून त्याचे वाचन होऊ लागले. भाषेविषयी स्टीफन्सची भूमिका स्पष्ट आहे. त्याने मराठी निवडली, पण सामान्य श्रोत्याला कळावे म्हणून तीत स्थानिक ब्राह्मणांच्या बोलीचे, म्हणजे कोकणीचे, मिश्रण केले. कोकणीचे व्याकरणही त्याने लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा या ग्रंथावर मराठीने एकटीने हक्क सांगणे न्यायाचे होणार नाही. मराठीच्या स्तुतीच्या त्या सुप्रसिद्ध ओव्या शाळेतून पाठ करून घेतल्या जातात. त्याच ग्रंथाची कोकणी नाडी मात्र शाळेत दाखविली जात नाही.

दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताचे चरित्र आहे, आणि त्याचा शेवटचा भाग यरुशलेमात घडतो. येथे ग्रंथाच्या श्रोत्यांचा विचार केला पाहिजे. रायतूर, मडगाव, बाणावली येथील शेतकरी, भाटकार, कारागीर यांपैकी कोणी यरुशलेमला जाणार नव्हता. जाण्याची कल्पनाही त्याला शिवली नसेल. युरोपातील ज्या भाविकांसाठी क्रुसाच्या वाटेची पुस्तके त्याच दशकांत लिहिली जात होती, त्यांचीही नेमकी हीच स्थिती होती. म्हणजे नेदर्लंड्समधील भक्तिपुस्तके आणि साष्टीतील ओवीबद्ध पुराण या दोहोंचे कार्य एका अर्थी समान आहे: दूरच्या नगरीतील एक वाट श्रोत्याच्या बसल्या जागी आणणे. फरक साधनाचा आहे. युरोपीय पुस्तकाने पावले, अंतरे आणि स्थाने मोजली. स्टीफन्सने ओवी वापरली. ओवी मुळात चालण्याची व थांबण्याची लय घेऊन येते; तीन चरण यमकाने पुढे ढकलतात आणि चौथा आखूड चरण श्रोत्याला थांबवितो. जात्यावर, कीर्तनात, पुराणिकाच्या तोंडी ही लय श्रोत्यांच्या अंगी मुरलेली होती. क्रूस खांद्यावर घेतलेल्या ख्रिस्ताची गती तिच्यात बसविताना कवीला नवा छंद शोधावा लागला नाही. ख्रिस्ताला 'स्वामी' आणि स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणण्याविषयी आजवर पुष्कळ चर्चा झाली आहे. शब्दांच्या या उसनवारीपेक्षा लयीची ही उसनवारी अधिक खोल आहे, आणि तिचा अभ्यास अधिक होणे इष्ट आहे.

येथवर झाला तो ऐकण्याच्या वाटेचा विचार. चालण्याची वाट साष्टीत नाही. ती उत्तरेला, मांडवीच्या काठी, जुन्या गोव्यात आहे. नावांचा घोटाळा येथेच सोडविलेला बरा. 'गोवा वेल्हा' म्हणजे कदंबांचे गोपकपट्टण ज्या परिसरात होते ते गाव. ते जुवारीच्या बाजूला आहे, आणि तेथेही उपासकाळात संतांच्या मूर्तींची मोठी मिरवणूक निघते. 'वेल्हा गोवा', म्हणजेच 'पोरणें गोंय', हे आदिलशाही काळातील एला. पोर्तुगिजांनी १५१० साली ते घेतले आणि पूर्वेकडील आपल्या साम्राज्याची राजधानी केली. रोगराईने ते पुढे ओस पडू लागले. व्हॉइसरॉयने अठराव्या शतकाच्या मध्यास आपला निवास पणजीच्या बाजूस हलविला, १८३५ मध्ये धार्मिक संघ बरखास्त झाले, आणि १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीस गेली. उरली ती चर्च. यरुशलेमचा यात्रेकरू दुकानदारांच्या हाकांतून, ओझी वाहणाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढतो. जुन्या गोव्यातील यात्रेकरूच्या दोन्ही बाजूंना हिरवळ असते, आणि हिरवळीखाली एकेकाळची घरे. एरवी तीर्थामुळे नगर जगते. येथे नगर गेले आणि तीर्थ राहिले.

झेवियरचा मृत्यू ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर झाला. मलाक्कामार्गे त्याचे शव मार्च १५५४ मध्ये गोव्यास आले आणि प्रथम सेंट पॉल कॉलेजात ठेवले गेले. पुढे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते बॉम जेझुस चर्चमध्ये आले. तेथील संगमरवरी समाधी तुस्कानीच्या तिसऱ्या कोझिमोने पाठविलेली असून ती फोजिनी या फ्लोरेन्सच्या शिल्पकाराने घडविली व १६९८ मध्ये उभी झाली. २४ नोव्हेंबरपासून नोवेन सुरू होते आणि ३ डिसेंबरला फेस्त. दर दहा वर्षांनी शवपेटी बॉम जेझुसमधून समोरच्या से कॅथीड्रलमध्ये मिरवणुकीने नेली जाते. यापूर्वीचे प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. दोन्ही चर्चमधील अंतर एक रस्ता ओलांडण्याइतकेच आहे. यात्रेचा गाभा असलेली वाट एवढीशी. तिच्याकडे येणाऱ्या वाटा मात्र लांब आहेत.

नोवेनाच्या दिवसांत पायी येणाऱ्यांत गोव्याच्या तालुक्यांतले लोक असतातच. त्यांच्याबरोबर सावंतवाडी व सिंधुदुर्गचे, बेळगाव व खानापूरचेही असतात. उत्तरेकडून येणारे बांदा, म्हापसा करीत मांडवी ओलांडतात आणि पणजीहून रायबंदरला जाणाऱ्या, लिन्हारेसच्या काउंटाने १६३३-३४ मध्ये बांधविलेल्या लांब बांधावरून चालतात. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरांची खाजणे. पहाटे येथे वाऱ्याखेरीज काही ऐकू येत नाही, आणि समूहाच्या जपमाळेचा आवाज पाण्यावर दूरवर जातो. घाटावरून उतरणारे फोंड्याकडून, बाणस्तारीची खाडी ओलांडून येतात. रात्री एखाद्या चर्चच्या पडवीत किंवा शाळेत मुक्काम, पुढे क्रूस किंवा ध्वज धरलेला माणूस, मागे सामानाचा टेम्पो, शेवटी चणे, खाजे आणि मेणाच्या हातापायांची दुकाने: जत्रेचे हे सारे साहित्य मराठी माणसाला परिचयाचे आहे. मेणाचा पाय नवस म्हणून वाहणारी बाई आणि देवळात चांदीचा डोळा वाहणारी बाई या दोघींमधील अंतर धर्मशास्त्राला महत्त्वाचे वाटत असेल. त्या दोघींना ते तितके वाटत नसावे.

परंतु सीमेपलीकडून येणाऱ्या या पदयात्रींचा प्रश्न केवळ लोकाचाराचा नाही. सावंतवाडी, बेळगाव आणि दक्षिणेस कानडा येथील ख्रिस्ती समाजांतील पुष्कळ घराणी मूळची गोव्यातलीच. दुष्काळ, रोगराई, करभार, लढाया आणि धर्मन्यायालयाचा धाक अशा निरनिराळ्या कारणांनी ती सोळाव्या ते अठराव्या शतकांत बाहेर पडली. संताच्या दर्शनाला चालत येणारा मनुष्य अनेकदा आपल्या पूर्वजांच्या पलायनाची वाट उलट दिशेने चालत असतो.

या संदर्भात से कॅथीड्रलच्या परिसरातल्या दोन घटना लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. गोव्यातील धर्मन्यायालय १५६० मध्ये स्थापन झाले आणि मधला १७७४ ते १७७८ चा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. त्याचा वाडा सेच्या नजीक होता. आज तो उरलेला नाही. शार्ल देलाँ हा तरुण फ्रेंच वैद्य दमणला पकडला जाऊन या वाड्यात बंदीत होता, आणि जानेवारी १६७६ मध्ये त्याला शिक्षा सुनावण्यात आली. १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या वृत्तांतात त्याने त्या दिवसाचे वर्णन केले आहे. पहाटे सेची मोठी घंटा वाजू लागली. आरोपींना ठरावीक झगे चढवून, प्रत्येकाबरोबर एक प्रतिष्ठित नागरिक देऊन, अनवाणी रस्त्यांतून फिरवीत सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये नेले गेले. रस्त्यावरच्या खड्यांनी देलाँचे तळवे रक्ताळले. न्यायालयाकडून शिक्षेच्या जागेकडे, लोकांच्या नजरांतून, अनवाणी. क्रुसाच्या वाटेचा आराखडा आणखी वेगळा काय असतो? ज्यांनी ती मिरवणूक काढली, ते दर वर्षी उपासकाळात ख्रिस्ताच्या वाटेवर अश्रू ढाळीत असत, आणि दोन मिरवणुकींतील साम्य त्यांच्या ध्यानी आले नाही. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये गोव्याच्या धर्मन्यायालयावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि देलाँचा वृत्तांत अभ्यासकांपुढे पुन्हा आणला. आजच्या यात्रेच्या स्थानांत मात्र देलाँचे स्थान नाही.

दुसरी घटना १६८३ मधील. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने शहरासमोरील जुवे बेट घेतले, आणि गोवा पडते की काय अशी अवस्था झाली. व्हॉइसरॉय फ्रांसिस्कु द ताव्होरा, आल्व्होरचा काउंट, परत मिळविण्याच्या प्रयत्नात स्वतः संकटात सापडला. परंपरा अशी सांगते की तो बॉम जेझुसमध्ये गेला, झेवियरची शवपेटी उघडविली आणि आपला अधिकारदंड संताच्या स्वाधीन करून शहराचे रक्षण त्याच्यावर सोपविले. मोगलांचा शाह आलम सैन्यासह कोकणात उतरत होता आणि मराठी फौज मागे फिरली. शहराने श्रेय संताला दिले. 'गोंयचो सायब' या आजच्या प्रेमळ संबोधनामागे या राजकीय प्रसंगाचीही एक छाया आहे. मराठी इतिहासलेखनात या मोहिमेचे वर्णन लष्करी अंगाने येते आणि पोर्तुगीज परंपरेत चमत्काराच्या अंगाने. याच व्हॉइसरॉयची तिसरी कृती या दोन्हींत क्वचितच जोडून पाहिली जाते. शवपेटी उघडविल्यानंतर काही महिन्यांतच, २७ जून १६८४ रोजी, त्याने हुकूम काढला की तीन वर्षांच्या आत देशी लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी.

हुकुमाने भाषा मरत नाही, आणि येथेही ती मेली नाही. घराघरांत कोकणी टिकली. परंतु ओवीबद्ध ख्रिस्ती वाङ्मयाला आधार देणारी व्यवस्था मोडली. एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाचे संत पीटरचे पुराण १६२९ व १६३४ मध्ये गोव्यातच छापले गेले होते. पाद्र्यांनी देशी भाषेत अशी पुराणे रचावी हा प्रघात त्या शतकाबरोबर ओसरला. ख्रिस्तपुराणाची १६५४ नंतरची छापील आवृत्ती निघाली ती थेट १९०७ मध्ये, आणि ती गोव्यात नव्हे, मंगळुरात. जे. एल. सालदान्हा यांनी ती संपादिली तेव्हा त्यांच्यापुढे होती ती मंगळूरकडील ख्रिस्ती घराण्यांनी जपलेली हस्तलिखिते. सतराव्या शतकातील तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. गोव्यातून बाहेर पडलेल्यांनी बरोबर जे नेले तेवढेच वाचले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उजेडात आले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्याहून निघाली, १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची मुंबईहून, आणि २००९ मध्ये नेल्सन फलकाव यांनी आधुनिक मराठी गद्यरूपांतरासह संहिता सिद्ध केली. मंगळूर, लंडन, पुणे, मुंबई असा हा ग्रंथाचाच प्रवास आहे, आणि तोही एक तीर्थमार्ग म्हणता येईल. फक्त या मार्गावर जुने गोवे लागत नाही.

आजचे पदयात्री सहसा ख्रिस्तपुराण गात नाहीत. त्यांच्याजवळ जपमाळ असते, कोकणी गीते असतात, आणि सिंधुदुर्ग-बेळगावकडच्यांजवळ मराठी प्रार्थनाही असते. ही मराठी स्टीफन्सपासून अखंड चालत आलेली नाही. १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर देशी भाषांना उपासनेत प्रवेश मिळाला, आणि वसई, पुणे, सिंधुदुर्ग येथील चर्चमधून क्रुसाची वाट मराठीत म्हटली जाऊ लागली. मधल्या तीन शतकांचा खंड नवीन मराठीने भरून काढलेला नाही, आणि तो भरून निघाल्याचा आव आणण्याचेही कारण नाही. तरीही १६८४ च्या हुकुमाने ज्या शहरातून देशी शब्द बाहेर काढावयाचा होता, त्याच शहरात दर डिसेंबरात कोकणी आणि मराठी एका रांगेत उभ्या असतात. पोर्तुगीज आता तेथे शिलालेखांवर राहिली आहे.

दिल्लीत बसून या विषयाचा विचार करणाऱ्याला उत्तरेकडील एक समांतर उदाहरण टाळता येत नाही. गोव्याहून १५८० मध्ये अकबराच्या दरबारी फत्तेपूर सिक्रीला गेलेल्या पहिल्या जेझुइटांचा प्रमुख रोदोल्फो आक्वाव्हिवा १५८३ मध्ये परतला आणि त्याच वर्षी साष्टीतील कुंकळ्ळी येथे, देवळे पाडल्याच्या संतापातून झालेल्या उठावात, सहकाऱ्यांसह मारला गेला. त्यांची प्रेते आणविणारा स्टीफन्सच होता. पुढे जेरोनिमो झेवियर या संत झेवियरच्या नातलगाने १६०२ मध्ये अकबरासाठी 'मिरातुल-कुद्स' हे ख्रिस्तचरित्र फारसीत सिद्ध केले. अब्दुस्सत्तार लाहोरी या विद्वानाचे त्याला साहाय्य होते. गोव्याच्या एकाच संघातील माणसांची, चौदा वर्षांच्या अंतराने झालेली, एकाच चरित्राची ही दोन भारतीय रूपे. फारसी ग्रंथ वाचनासाठी आणि चित्रांसाठी झाला. दरबारी चित्रकारांनी तो सजविला. मराठी ग्रंथ कानांसाठी झाला. फारसी ग्रंथाभोवती चालणारा समाज निर्माण झाला नाही. उलट दिल्लीपासून फार दूर नसलेल्या सरधना येथे बेगम समरूने १८२२ मध्ये पूर्ण केलेल्या चर्चमध्ये नोव्हेंबरात मोठी यात्रा भरते. तेथे चालणारे आहेत, पण मिरातुल-कुद्सशी त्यांचा संबंध नाही. भारतीय ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास भाषावार लिहिला जातो तेव्हा अशा तुलना राहून जातात. उत्तरेत ग्रंथ आणि वाट यांची गाठ पडलीच नाही. गोमंतकात ती साठसत्तर वर्षे पडली होती, आणि मग तोडली गेली.

म्हणून जुन्या गोव्याला खरी गरज आहे ती स्थानपोथीची. प्रवाशांसाठी माहितीपुस्तके पुष्कळ आहेत; त्यांतून सेची रुंदी, बॉम जेझुसचा जांभा, संत ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्याची उंची सारे मिळते. महानुभाव लेखकाच्या त्या रूक्ष सचोटीने, येथे हे घडले, दार या दिशेस होते, येथून अनवाणी नेले, येथे पेटी उघडली, येथे छापले, अशी नोंद करणारा मराठी किंवा कोकणी ग्रंथ हवा. अशा ग्रंथात देलाँची वाट आणि झेवियरच्या पेटीची वाट शेजारी शेजारी येतील. भाविकाला ते अवघड जाईल, ही शंका रास्त आहे. परंतु दुःखमार्गावर चालणाऱ्याला अवघड स्थानांची सवय असते, आणि क्रुसाच्या वाटेवर तीन स्थाने तर केवळ पडण्याचीच आहेत.

त्या पोथीचा आरंभ कोठून करावा, याविषयी फारसा मतभेद होऊ नये. फोंड्याकडून येणाऱ्या रस्त्यालगत सेंट पॉल कॉलेजची एक कमान उभी आहे. कॉलेजातले एवढेच शिल्लक आहे. भारतातील पहिले मुद्रणयंत्र १५५६ मध्ये येथे आले. झेवियरचे शव प्रथम येथे विसावले. १५७९ च्या ऑक्टोबरात जहाजातून उतरलेला स्टीफन्स, ज्याला अजून मराठीचा एक शब्दही येत नव्हता, तो येथेच आपल्या संघात येऊन मिळाला. बेळगाव-खानापूरकडचे पदयात्री नोव्हेंबरअखेरीस या कमानीवरून जातात. शेवटचे अंतर राहिलेले असते, पाय दुखत असतात, आणि पुढे बॉम जेझुसची रांग वाढत असते. ते थांबत नाहीत. कमानीच्या जांभ्यावर गवत उगवलेले असते, आणि जपमाळेचे शब्द तिच्याखालून पुढे निघून जातात.